बावीस जहाजांची राखण

प्रश्न : मी बाणेरला राहतो, वय ३१. हिंजवडीतील एका कंपनीत गेली सात वर्षे बँकांच्या नेटवर्क सुरक्षेचे काम करतो. जहाजांचे व्यवस्थापन करणाऱ्या एका कंपनीच्या पुणे कार्यालयातून नुकतेच बोलावणे आले. त्यांच्याकडे २२ मालवाहू जहाजे आहेत. त्यांच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे येईल आणि चाचेगिरीपासून संरक्षणाची कागदपत्रेही मीच पाहावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचखेरीज मी आजवर कोणत्याही बोटीवर पाऊल ठेवलेले नाही. मित्र म्हणतात की जहाज म्हणजे पाण्यावरचे ऑफिसच, तीच फायरवॉल आणि तेच पासवर्ड. बाबा म्हणतात की समुद्रावर खरा धोका बंदूकवाल्यांचा, बाकी सगळ्याला विमा असतो. संचालकांनी पहिल्या ९० दिवसांचा आराखडा लिहून मागितला आहे. नोकरी घ्यावी का, आणि आराखड्यात काय लिहावे?

उत्तर : नोकरी घ्या, मात्र होकार कळवताना एक अट लेखी घाला. पहिल्या ९० दिवसांपैकी निदान १५ दिवस कंपनीने तुम्हाला आपल्या एखाद्या चालत्या जहाजावर पाठवावे आणि तेथून परत येईपर्यंत तुमच्याकडे एकही नियमावली मागू नये. संचालकांना हा वेळेचा अपव्यय वाटण्याची शक्यता आहे, पण या अटीवर अडून बसा. मी असे का म्हणतो ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

समुद्रावरची नोकरी संपवून मी पुण्यातल्या एका व्यवस्थापन कार्यालयात काही वर्षे काढली. त्या काळात एका हुशार अभियंत्याने तयार केलेला नियम आम्ही सगळ्या जहाजांना पाठवला होता : ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जेथून चालवतात त्या कक्षातल्या, कोणत्याही संगणकाला १० मिनिटे हात लागला नाही, तर तो आपोआप कुलूपबंद व्हावा आणि त्याचा पासवर्ड १२ अक्षरांचा असावा. कार्यालयात बसून वाचताना त्यात खोट काढण्यासारखे काही दिसले नाही आणि मीही त्यावर सही केली. दोन महिन्यांनी तपासणीसाठी एका जहाजावर गेलो, तेव्हा तो पासवर्ड पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करने लिहून थेट पटलावर डकवलेला होता. बंदरात वाट दाखवायला चढणारा पायलट, एजंट, कस्टमचा माणूस, ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाला तो वाचता येत होता. सेकंड ऑफिसरला मी जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, रात्री दोन वाजता समोर मासेमारीच्या होड्यांचे दिवे पसरलेले असतात. तेव्हा मी बाहेर बघू, की मान खाली घालून १२ अक्षरे टाइप करू?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. नियम मागे घेतला, पण तोपर्यंत ती चिकटपट्टी किती बंदरांत किती जणांनी वाचली असेल, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

तुमच्या मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. जहाजावर एक ऑफिस असतेच. कॅप्टनची ईमेल, खलाशांची यादी, पगारपत्रके, सामानाच्या मागण्या आणि आता उपग्रहांच्या वेगवान इंटरनेटमुळे मेसमध्ये बसून घरी होणारे व्हिडिओ कॉल, हे सगळे तुमच्या ओळखीचे आहे. पण त्याच्या शेजारी, आणि काही जहाजांवर दुर्दैवाने त्याच केबलवर, दुसरी यंत्रणा नांदत असते : एक्डिस, म्हणजे कागदी नकाशाच्या जागी आलेला पडद्यावरचा नकाशा, रडार, आपली ओळख, स्थान आणि वेग आसपासच्या जहाजांना सतत सांगणारी एआयएस, मुख्य इंजिनाचे नियंत्रण, सुकाणू, तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्याचे म्हणजे बॅलास्टचे पंप. जहाज २५ वर्षे चालते आणि त्यावरचे कित्येक संगणक जहाज बांधले त्या काळच्या प्रणालीवर तसेच चालू राहतात. उत्पादकाला न विचारता त्यांत अँटिव्हायरस टाकलात किंवा अपडेट चढवलात, तर उपकरणाला मिळालेली मान्यताच धोक्यात येते. बँकेत संशय आला की तुम्ही सर्व्हर नेटवर्कमधून काढता आणि फार तर ग्राहक तासभर खोळंबतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत इंजिनाचे नियंत्रण असे काढून घेता येत नाही, कारण लाखभर टनांचे जहाज इंजिन बंद पडल्यावरही काही किलोमीटर पुढे वाहत जाते आणि त्याच्या मागे, पुढे व बाजूला इतर जहाजे असतात. म्हणून तुमच्या आराखड्यात पहिला प्रश्न ‘हल्ला कसा थोपवू’ हा नसावा. ‘हे यंत्र आत्ता बंद पडले किंवा खोटे बोलू लागले, तर वॉचवरचा, म्हणजे त्या वेळी पाळीवर असलेला, माणूस हाताने काय करील,’ हा असावा, आणि त्याचे उत्तर त्या माणसाकडूनच घ्यावे.

यंत्र खोटे बोलते तेव्हा काय होते, याचा नमुना २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात दिसला. नोवोरोसिस्कजवळच्या सुमारे २० जहाजांना त्यांचे जीपीएस सांगत होते की ती जमिनीवर, गेलेंजिकच्या विमानतळावर उभी आहेत. ते खोटे इतके ढोबळ होते की कोणालाही कळावे. वाईट ते खोटे, जे फक्त ५०० मीटरने चुकते. मे २०२५ मध्ये एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज जेद्दाहजवळ उथळ पाण्यात रुतले, तेव्हा जीपीएसमधील हस्तक्षेपाचा संशय जाणकारांनी व्यक्त केला होता. अशा वेळी तुमची कोणतीही फायरवॉल कामाला येत नाही. रडारवर किनाऱ्याचे अंतर मोजणे, खोलीमापकाचा आकडा नकाशाशी ताडून पाहणे, दीपगृहाचा कोन घेणे ही जुनी कामेच तेव्हा जहाज वाचवतात, आणि ती रोज केली जातात की केवळ लॉगबुकात लिहिली जातात हे ब्रिजवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

एआयएसबद्दल थोडे विषयांतर करतो. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या काळी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाला त्यांचे दस्तक लागत असे; ते नसेल तर जहाज अडवले जाई, आणि इंग्रज त्यालाच चाचेगिरी म्हणत. त्या वादात आत्ता शिरत नाही. पण दस्तकावर शिक्का तरी असे आणि तो खरा की खोटा हे पाहता येई. एआयएसच्या संदेशाला असा कोणताही शिक्का नाही. रेडिओच्या टप्प्यात असलेला कोणीही खोट्या नावाचे, खोट्या जागेवरचे जहाज तुमच्या पडद्यावर उभे करू शकतो. बँकेतल्या माणसाला हे ऐकून झोप लागणार नाही, पण वस्तुस्थिती हीच आहे.

हल्ला जहाजावर येतो कसा? इंटरनेटवरून येतोच, पण मी पाहिलेली बहुतेक प्रकरणे गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जाणारी शिडी, चढून आली. जहाज धक्क्याला लागले की एजंटचा मुलगा धावत वर येतो, खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि ‘‘सर, दोन फॉर्म प्रिंट करून द्या,’’ म्हणतो. बाहेर इमिग्रेशनचे लोक थांबलेले असतात, चीफ ऑफिसर माल उतरवण्याच्या घाईत असतो, आणि तो पेन ड्राइव्ह जो संगणक मोकळा दिसेल त्याला लागतो. तोच संगणक दर आठवड्याला एक्डिसच्या नकाशांच्या दुरुस्त्या उतरवून घेत असेल, तर पुढची कथा तुम्हाला सांगायला नको. यावर मला सापडलेला सर्वात टिकाऊ उपाय २,००० रुपयांचा होता : जहाजाच्या ऑफिसात नेटवर्कला न जोडलेला एक जुना लॅपटॉप आणि प्रिंटर पाहुण्यांसाठी ठेवायचा, आणि एक्डिसचा पेन ड्राइव्ह लाल दोरीने ब्रिजवरच्याच खुंटीला बांधायचा. लॅपटॉप कार्यालयातला टाकाऊ होता, खर्च प्रिंटरचा झाला. उत्पादकाचा सर्व्हिस इंजिनिअर स्वतःचा लॅपटॉप इंजिनाच्या पटलाला जोडतो, त्याचेही असेच आहे. त्याला अडवणारा माणूस जहाजावर एकच असतो, तो म्हणजे ईटीओ, विजेची व इलेक्ट्रॉनिक यंत्रे सांभाळणारा अधिकारी. त्याच्याशी मैत्री करा. कोणती तार कोठे जाते हे रेखाचित्रापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

बंदरांचा विचार आराखड्यात असावा की नाही, असे तुम्हाला वाटेल, कारण बंदर तुमच्या कंपनीचे नाही. पण जहाजाचा दिवस बंदरावरच अडतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. त्याच दिवशी आपल्या न्हावा शेवा येथील त्यांचे टर्मिनलही ठप्प झाले. चाकणहून निघालेला माल याच बंदरातून जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. कंपनीला १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. त्या गोंधळात सगळ्या नेटवर्कची जी मूळ नोंद हवी होती, तिची एकमेव शाबूत प्रत घानामध्ये मिळाली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवा हे तुम्ही बँकेत शंभरदा सांगितले असेल. जगातल्या एका सर्वात मोठ्या जहाज कंपनीसाठी ते काम अखेर लोडशेडिंगने केले.

जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोया बंदरात खंडणीखोर विषाणूची वर्दी प्रिंटरमधून निघालेल्या कागदाने दिली आणि कंटेनरची ने-आण दोन दिवसांहून अधिक बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदरे चालवणाऱ्या डीपी वर्ल्ड या कंपनीने ऑस्ट्रेलियात घुसखोरी लक्षात येताच स्वतःहून इंटरनेट तोडले. निर्णय योग्यच होता, पण फाटके बंद झाली आणि सुमारे ३०,००० कंटेनर अडकून पडले. उलट जानेवारी २०२३ मध्ये डीएनव्ही या जहाजांची तपासणी व वर्गीकरण करणाऱ्या संस्थेच्या जहाज व्यवस्थापन प्रणालीवर हल्ला झाला आणि सुमारे १,००० जहाजांचा किनाऱ्याशी असलेला तो दुवा तुटला, तरी जहाजावरची प्रत जोडणीविना चालू शकत असल्याने जहाजे चालत राहिली. या तिन्हींतून तुमच्या कामाचे एक वाक्य निघते, ते आराखड्यात जसेच्या तसे लिहा : प्रत्येक जहाजाने किनाऱ्याशी संपर्क नसताना पाच दिवस काम करता येईल अशी कागदपत्रे, नकाशे आणि दूरध्वनी क्रमांक छापील स्वरूपात जवळ ठेवावेत.

आता तुमच्या वडिलांचे म्हणणे. बंदूकवाल्यांबद्दल ते चुकलेले नाहीत. २००८ ते २०१२ च्या काळात सोमालियाच्या चाच्यांनी धुमाकूळ घातला, मग काही वर्षे शांतता वाटली आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी एमव्ही रुएन हे जहाज पळवले गेले. ते चाच्यांनी तीन महिने आपला तळ म्हणून वापरले. १६ मार्च २०२४ रोजी आयएनएस कोलकाता आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी ४० तासांच्या कारवाईनंतर १७ खलाशी सोडवले व ३५ चाचे ताब्यात घेतले. ते चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली करता आले, कारण भारताने २०२२ मध्ये समुद्री चाचेगिरीविरोधी कायदा केला होता. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, एमव्ही लीला नॉरफोक या जहाजावर सशस्त्र लोक चढले, तेव्हा १५ भारतीयांसह सर्व २१ खलाशी ‘सिटाडेल’मध्ये, म्हणजे आतून बंद करता येणाऱ्या मजबूत खोलीत जाऊन बसले आणि आयएनएस चेन्नई पोहोचेपर्यंत सुखरूप राहिले.

या बाबतीत तुम्ही नवे काही शोधून काढू नका. जहाजउद्योगाची मार्गदर्शिका तयार आहे : धोक्याच्या क्षेत्रात शिरताना यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला कळवणे, कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी, जादा टेहळणी, शक्य तितका वेग. १८ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ३३ किलोमीटर) जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नसल्याचे तिच्या २०१८ च्या आवृत्तीत म्हटले आहे. हे सगळे कॅप्टन आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तुमच्यापेक्षा चांगले करतील. तुमचा हात लागायला हवा तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे सिटाडेलमधला उपग्रह फोन. त्याचा अँटेना, वीज आणि केबल ब्रिजपासून पूर्णपणे वेगळी आहे का, हे जहाजावर जाऊन स्वतः तपासा. एका जहाजावर मी तो फोन उचलला, तेव्हा तो चालू होता. ब्रिजवरचा फ्यूज काढायला सांगितला आणि तो मेला. चाचे पहिल्यांदा ब्रिजवरच पोहोचतात.

दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे, कारण येथे तुमचे आणि बंदूकवाल्यांचे क्षेत्र एकच होते. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने २०१६ मध्ये एका प्रकरणाची माहिती प्रसिद्ध केली होती. चाचे एका कंपनीच्या जहाजांवर चढत, खलाशांना कोंडून ठेवत आणि बारकोड वाचून नेमकी मौल्यवान मालाची खोकी उघडून निघून जात. कंपनीच्या मालनोंदणीच्या प्रणालीत शिरून बिल्स ऑफ लेडिंग, म्हणजे कोणता माल कोठे चालला याच्या पावत्या, कोणीतरी आधीच वाचलेली होती. अँटवर्पच्या बंदरातही २०११ ते २०१३ दरम्यान अमली पदार्थांच्या टोळ्यांनी अशाच मार्गाने कंटेनर सोडवून नेले, आणि ईमेलचा मार्ग बंद झाल्यावर ऑफिसात घुसून संगणकाची कळ अन् कळ टिपणारी उपकरणे बसवली. तेव्हा तुमच्या २२ जहाजांचे मार्ग, वेळापत्रक, माल, कोणत्या जहाजावर सशस्त्र रक्षक आहेत आणि कोणत्यावर नाहीत, ही माहिती पुण्याच्या कार्यालयात किती जणांच्या ईमेलमध्ये पडून आहे हे आधी मोजा. तरुण खलाशांनी रील टाकताना मागे काटेरी तारा आणि बंदराचे नाव दिसू देऊ नये, हेही सांगावे लागेल. रागावून सांगू नका, सहा महिने घर न पाहिलेला मुलगा तो.

मात्र विम्याबद्दल बाबांना गैरसमज आहे. जहाजाच्या कित्येक पॉलिसींमध्ये २००३ पासून सीएल ३८० नावाचे कलम असते. संगणकाचा वापर करून हेतुपुरस्सर केलेल्या हल्ल्याचे नुकसान या कलमाने विम्यातून वगळलेले असते. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत ते आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. आराखड्यातले हे एक पान संचालक नक्की वाचतील.

नियमांबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही वाचून घ्याल. जहाजे आणि बंदरांच्या संरक्षणाची आयएसपीएस संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे आणि सायबर जोखीम जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात धरण्याची अपेक्षा आयएमओ या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपासून ठेवली आहे. जहाजांची बांधणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांचे ई२६ आणि ई२७ हे सायबर सुरक्षेचे काटेकोर निकष १ जुलै २०२४ पासून करार झालेल्या नव्या जहाजांनाच आहेत. तुमची बावीसही बहुधा त्याआधीची असणार, म्हणून तर तुम्हाला बोलावले आहे. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. कॅप्टनने पहाटे तीनला तुम्हाला उठवले तरच ते सहा तास हाती राहतील, यासाठी त्याच्याकडे तुमचा मोबाइल क्रमांक छापील असावा आणि ‘चुकीच्या शंकेसाठी फोन केला’ म्हणून कोणाला कधी ऐकवले जाऊ नये.

जाण्याआधी एखादा शनिवार काढा. पुण्याला समुद्र नसला तरी तळेगावजवळ इंदोरीला, लोणावळ्याला आणि लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे शिकवणारे निवृत्त कॅप्टन आनंदाने बोलतात आणि परवानगी मिळाली तर ब्रिजचा सिम्युलेटरही पाहता येतो. जहाजाच्या फेरीसाठी मात्र महिना विचारून घ्या. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र इतका खवळलेला असतो की चाच्यांच्या छोट्या होड्याही फारशा बाहेर पडत नाहीत. बाबांना त्या काळात निर्धास्त वाटेल, पण तुम्ही १५ दिवस बंकला धरून राहाल आणि ईटीओ एक तारही दाखवू शकणार नाही. नोव्हेंबरमधली कोलंबो ते सिंगापूर अशी फेरी मागा.